नस जुळली, तरी बोट परकं का? मेंदूतला नकाशा आणि स्पर्शाचा सराव

प्रश्न थोडक्यात असा आहे. आप्पांचं वय ५४, धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करून रुई काढतात तो कारखाना) रुई पारखायचं काम. आठ महिन्यांपूर्वी पत्रा लागून उजवं मनगट आतल्या बाजूने कापलं. मीडियन नर्व्ह (मनगटातून पंजात जाणारी मुख्य नस) पूर्ण तुटली होती, ती त्याच दिवशी शिवली. आता अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना स्पर्श कळतो, मुंग्याही येतात, पण तर्जनीला हात लावला तर मधल्या बोटाला लागल्यासारखं वाटतं. आप्पा म्हणतात, "बोट मनं शे, पन मनं वाटत नही" (बोट माझं आहे, पण माझं वाटत नाही). कोणी तरी सांगितलं की मेंदूत बोटांचा नकाशा असतो आणि बोट रोज घासलं की तो वाढतो. हे खरं का? आणि रुई पुन्हा हाताने पारखता येईल का?

नकाशा असतो, हे खरं. तो बदलतो, हेही खरं. पण घासून समज येत नाही, आणि नकाशा मोठा झाला म्हणजे बोट शहाणं झालं असंही नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस सहा-सहा महिने ब्रश फिरवत बसतो आणि हाती काही लागत नाही. म्हणून आधी नस आणि नकाशा यांचं काय झालंय ते सांगतो, मग सरावाकडे येतो.

तुटलेली नस शिवली म्हणजे जुने तंतू जोडले जात नाहीत. जखमेच्या पुढचा भाग मरतो आणि मागच्या टोकातून नवे तंतू रिकाम्या नळ्यांतून पुढे वाढतात. वेग दिवसाला साधारण १ मिमी. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १६ ते १८ सेंमी धरलं, तर साडेपाच-सहा महिने, शिवाय टाक्याची जागा ओलांडायला सुरुवातीचे काही आठवडे. आठ महिन्यांनी टोकाला स्पर्श कळतोय, म्हणजे वाढ वेळेवर झाली आहे. इथपर्यंत सगळं ठीक.

अडचण पुढची आहे. सर्जन सूक्ष्मदर्शकाखाली नसेतले जुडगे समोरासमोर आणून शिवतो, पण एकेका जुडग्यात हजारो तंतू असतात आणि प्रत्येकाला आपलीच जुनी नळी मिळणं शक्य नसतं. पूर्वी मधल्या बोटाला जाणारा तंतू आता तर्जनीत शिरलेला असतो. जिनिंगच्या भाषेत सांगायचं तर गाठींवरच्या लॉट नंबरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आहे. माल चांगला आहे, वेळेवर पोचतोय, पण ऑफिसात चिठ्ठी वाचून नोंद होते आणि चिठ्ठी म्हणते 'मधलं बोट'. मेंदू चिठ्ठीवर विश्वास ठेवतो. प्रौढ माकडांमध्ये हे पडताळून पाहिलेलं आहे. नस नुसती चिरडली तर नळ्या शाबूत राहतात आणि बरं झाल्यावर मेंदूतला नकाशा जवळपास पूर्वीसारखा सापडतो. नस कापून शिवली तर तोच नकाशा ठिगळांचा होतो, एका बोटाचे तुकडे दुसऱ्या बोटाच्या जागेत विखुरलेले.

आता हा नकाशा म्हणजे काय. डोक्याच्या मध्यावरून कानाकडे उतरणाऱ्या मोठ्या खाचेच्या मागे मेंदूची एक पट्टी आहे. १९३७ साली मॉन्ट्रियलमध्ये पेनफील्ड आणि बोल्ड्रे यांनी जाग्या रुग्णांच्या मेंदूला शस्त्रक्रियेदरम्यान हलका विद्युतप्रवाह देऊन विचारलं, कुठे जाणवलं? उत्तरांतून शरीर क्रमाने मांडलेलं दिसलं. मात्र मापं अंगाच्या आकाराची नाहीत. अख्ख्या पाठीपेक्षा बोटांना आणि ओठांना जागा जास्त. जिथे कातडीत संवेदनग्राही दाट, तिथे जागा मोठी आणि पारखही बारीक. दोन टोकं वेगळी कळायला बोटाच्या टोकावर २-३ मिमी अंतर पुरतं, तळहातावर साधारण १० मिमी लागतं, पाठीवर ४० मिमीच्या आसपास.

यावरूनच सगळ्यांना वाटलं की सराव केला की जागा वाढत असेल आणि जागा वाढली की पारख वाढत असेल. सुरुवातीचे पुरावेही तसेच मिळाले. १९९० च्या सुमारास मेंदू-संशोधक मर्झेनिक यांच्या गटाने माकडांना बोटाची टोकं फिरत्या खाचेदार तबकडीवर ठेवायला शिकवलं, आणि काही महिन्यांनी त्याच टोकांची जागा फुगलेली आढळली. १९९२ मध्ये रेकान्झोन आणि सहकाऱ्यांनी माकडांना बोटावरच्या कंपनांतला बारीक फरक ओळखायला शिकवलं. तिथेही नकाशा बदलला. पण याच प्रयोगातली दुसरी बाजू लोक सांगत नाहीत. काही माकडांच्या बोटांना तीच कंपनं तितकाच वेळ दिली, मात्र त्यांचं लक्ष आवाज ओळखण्याच्या कामात गुंतवलं होतं. त्यांच्यात तसा बदल झाला नाही. म्हणजे टीव्ही बघत बोटावर ब्रश फिरवणं हे त्या दुसऱ्या माकडांचं काम. (जर्मनीतल्या काही प्रयोगांत तीन तास नुसत्या निष्क्रिय टकटकीनेही पारख थोडी सुधारलेली दिसली, पण तो परिणाम दिवसभरात ओसरला. त्यावर उपचार उभा करता येत नाही.)

नंतर चित्र आणखी गुंतागुंतीचं झालं. २००४ मध्ये मांजरांवर प्रयोग झाला: ध्वनीतला बारीक फरक ओळखण्यात ती तरबेज झाली, पण श्रवणाच्या प्राथमिक नकाशात अपेक्षित वाढ सापडली नाही. २००६ मध्ये उंदरांना अगदी तेच आवाज ऐकवले, फक्त एका गटाला आवाजाच्या पट्टीकडे (स्वर उंच की खालचा) आणि दुसऱ्याला तीव्रतेकडे लक्ष द्यायला लावलं. ज्याकडे लक्ष, त्याच गुणाचा नकाशा बदलला. आणि २०११ मध्ये किल्गार्ड यांच्या प्रयोगशाळेतल्या कामाने माझ्या मते हा वाद बऱ्यापैकी मिटवला. त्यांनी उंदरांमध्ये शिकण्याआधीच कृत्रिमरीत्या नकाशा फुगवला, तर ते उंदीर लवकर शिकले. पण शिकलेल्या उंदरांचा फुगलेला नकाशा काही आठवड्यांत पूर्ववत झाला आणि शिकलेलं तसंच टिकलं.

याचा सरळ अर्थ असा की नकाशाचं फुगणं हा शिकण्याच्या वाटेवरचा टप्पा आहे. मेंदू आधी जास्त पेशी कामाला लावतो, त्यातल्या नेमक्या उपयोगी कोणत्या ते ठरवतो आणि बाकीच्यांना मोकळं करतो. कांडप चालू असताना अंगणभर पसरलेलं धान्य पाखडून झालं की सुपात मावतं, तसं काहीसं. शिवाय बरंचसं शिकणं नकाशात होतच नाही, ते नकाशा वाचणाऱ्या पुढच्या भागांत होतं. दृष्टीवरच्या एका गाजलेल्या प्रयोगात (लॉ आणि गोल्ड, २००८) माकडांची हालचाल ओळखण्याची पारख सुधारली, तरी हालचाल टिपणाऱ्या पेशी तशाच राहिल्या. बदल झाला तो निर्णय घेणाऱ्या भागात.

मोठा नकाशा कधी कधी नुकसानही करतो. तीन बोटं एकदम ठेवून ब्रेल वाचणाऱ्या अंध व्यक्तींमध्ये बोटांच्या जागा एकमेकींत मिसळलेल्या सापडल्या, आणि आपल्याला नेमक्या कोणत्या बोटाला स्पर्श झाला हे सांगताना ते चुकत होते. बोटं एकाच तालात, एकसारखी, तासन् तास वापरली की सीमा पुसतात. आप्पांची सध्याची तक्रार अगदी हीच असताना तिन्ही बोटं एकत्र गोणपाटावर घासायला सांगणं म्हणजे दुखण्यात भर. त्यांना सीमा हव्या आहेत, आणि सीमा दोन गोष्टींतला फरक ओळखायला लावून येतात.

सरावाआधी एक मोजमाप. व्यवसायोपचार तज्ज्ञाकडे (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) स्पर्श तपासायचा नायलॉनच्या तंतूंचा संच असतो. त्यातला २.८३ क्रमांकाचा बारीक तंतू निरोगी बोटाला कळतो. मधुमेहाच्या तपासणीत पायाला लावतात तो १० ग्रॅमचा तंतू हातासाठी फार जाड, त्याने 'सगळं ठीक' असं खोटं उत्तर मिळतं. दोन टोकांची चाचणी घरी करता येते: कागदाला लावायची क्लिप सरळ करून दोन टोकं समोर आणा, पट्टीवर १० मिमी अंतर मोजा, आणि कातडी जेमतेम पांढरी होईल इतकाच दाब देऊन बोटाच्या लांबीच्या दिशेने टेकवा. मध्येच एकच टोक टेकवा. १० पैकी ७ उत्तरं बरोबर आली तर ते अंतर जमलं, मग कमी करा. ६ मिमीच्या आत सामान्य, ६ ते १० बरं, ११ ते १५ कमजोर धरतात. यात लोक दोन ठिकाणी चुकतात. एक, दोन्ही टोकं एकाच क्षणी टेकत नाहीत, त्यामुळे 'टक-टक' असं वेळेवरून ओळखलं जातं. दोन, उत्तर चुकलं की पुढच्या वेळी नकळत जोरात दाबलं जातं.

आता सराव. वेळ १० मिनिटं, दिवसातून ३ ते ४ वेळा. एकदम तासभर नको. लक्ष टिकत नाही, आणि पारखीचं शिकणं झोपेत पक्कं होतं. १९९४ च्या एका प्रयोगात स्वप्नांची झोप मोडली तर रातोरात होणारी सुधारणा झाली नाही. जिनिंगच्या सीझनमध्ये रात्रपाळी असेल तर हे लक्षात ठेवा. खोली शांत हवी, आणि बोटं गार असतील तर आधी कोमट करून घ्या. कोमटपणा डाव्या हाताने तपासायचा.

पहिला भाग जागा ओळखण्याचा. आप्पांचा उजवा पंजा कागदावर गिरवा आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांचं प्रत्येक पेर एकेक चौकट धरून क्रमांक द्या. पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकाने एका जागी टेकवा किंवा एक सेंटिमीटर ओढा. आप्पांनी आधी डोळे उघडे ठेवून बघायचं, मग डोळे मिटून तोच स्पर्श घ्यायचा आणि 'तर्जनी, वरचं पेर' असं मोठ्याने म्हणायचं, मग पुन्हा डोळे उघडून बघायचं. बघ, मीट, बघ. डोळ्याने दिसलेली जागा हीच नवी चिठ्ठी. अशी पाच मिनिटं झाली की २० स्पर्श डोळे मिटूनच घ्या आणि वहीत दोन रकाने करा: खरी जागा आणि सांगितलेली जागा.

ही वही फार बोलते. समजा तर्जनीच्या टोकाला १० वेळा लावलं आणि ७ वेळा 'मधलं बोट, वरचं पेर', २ वेळा 'तर्जनी', १ वेळा 'अंगठा' असं आलं. दिसायला निकाल वाईट, पण चूक एका जागी ठाम आहे, म्हणजे चिठ्ठी चुकीची असली तरी वाचता येते, आणि ती बदलता येते. याउलट त्याच जागेची उत्तरं रोज वेगवेगळ्या बोटांवर विखुरली असतील, तर तिथे तंतू विरळ पोचलेत. तिथे स्थिर स्पर्शाऐवजी ओढता स्पर्श वापरा, ओढता स्पर्श आधी परत येतो. अशा जागेला दोन-तीन आठवडे जास्त द्यावे लागतात.

दुसरा भाग पोतांचा. बारीक-जाड सँडपेपर (६० आणि २२० क्रमांकाचा), गोणपाट, मांजरपाट, जुनं मऊ धोतर यांचे आगपेटीएवढे तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवा. एका वेळी एकच बोट. दोन तुकडे द्यायचे आणि विचारायचं, सारखे की वेगळे? उत्तर आल्याबरोबर बरोबर-चूक सांगायचं, चुकलं तर डोळे उघडून पुन्हा फिरवायचं. अवघडपणा असा ठेवा की १० पैकी ७-८ बरोबर यावीत. ९ च्या वर गेलं की ६०-२२० सोडून ८०-१२० वर या, ६ च्या खाली आलं की परत सोपं करा. लोक उत्साहाने पहिल्याच आठवड्यात अवघड जोड्या देतात. अहिसार आणि हॉकस्टाइन यांनी १९९७ मध्ये दृष्टीच्या बाबतीत दाखवलं की सोप्या सरावाचा फायदा दुसरीकडेही पसरतो, अवघड सरावाचा मात्र त्याच जागी, त्याच वस्तूला चिकटून राहतो. बोटांबाबतही तोच क्रम धरावा.

तिसरा भाग वस्तूंचा. ताटात बाजरी घ्या, त्यात सरकी, हरभरा, तूर, चिंचोका, शर्टाचं बटण आणि १ व २ रुपयांची नाणी मिसळा. डोळे मिटून एकेक शोधून नाव सांगायचं. वस्तू धरून ठेवायची नाही, अंगठा आणि तर्जनीत फिरवायची. कडा सापडते ती बोट फिरलं की. सरकी आणि हरभरा ही जोडी मुद्दाम ठेवा. आकार थोडा जवळचा, पण सरकीवरची लव बोटाला कळली की ती मोठी पायरी समजा. इथे चोरी फार होते, तीही नकळत. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू अल्नार नर्व्ह या दुसऱ्या नसेवर असते, ती शाबूत आहे, आणि हात शहाणा असल्याने वस्तू गुपचूप तिकडे सरकवतो. दोन्ही बोटं चिकटपट्टीने दुमडून बांधा. नाणं ताटाला लागून वाजलं की आवाजावरून ओळखलं जातं, म्हणून ताटाखाली नाही तर ताटातच फडकं अंथरा. धातू गार लागतो म्हणून ओळखलं जातं, म्हणून नाणी आधी मुठीत धरून ऊब द्या.

मुंग्या इतक्या असतील की कापडही सहन होत नाही, तर हे सगळं थांबवून आधी सहन करण्याचा सराव: कापूस, मग मऊ कापड, मग तांदळात हात. रोज थोडा वेळ, बोटाने घेतलेल्या दाबावर आप्पांचं नियंत्रण हवं.

रुईकडे येऊ. हाताने तार काढताना चिमूटभर रुई दोन्ही हातांनी ओढून तोडतात, एक अर्धा टाकतात, उरलेल्यातून तंतू पुन्हा पुन्हा ओढून एकावर एक ठेवतात, टोकं समांतर झाली की काळ्या कापडावर लांबी बघतात. यात लांबी मुख्यतः डोळ्याला कळते. बोटाला कळतो तो ओढ, मऊपणा, ओल आणि कचरा. म्हणजे आप्पांची निम्मी पारख नसेवर अवलंबूनच नव्हती. उरलेली निम्मीसुद्धा वर्षानुवर्षं मिलच्या रिपोर्टशी ताळा करून घडलेली आहे, आणि कोणत्या खुणेला किती वजन द्यायचं हे ज्ञान बोटात नसून पुढच्या भागात आहे. ते गेलेलं नाही. म्हणून आजपासून डाव्या हाताने पारखायला लागा. बोटांच्या स्पर्शाचा सराव एका हाताकडून दुसऱ्याकडे जातो, हे १९९७ मध्ये साथियन यांच्या गटाने दाखवलं आहे, आणि डावा हात थोड्याच आठवड्यांत कामापुरता तयार होईल.

उजव्यासाठी मशीनचा रिपोर्ट असलेले नमुने जिनिंगमधून मागून घ्या. आधी खूप वेगळे: मायक्रोनेअर (तंतूच्या बारीकपणाचं माप, आकडा लहान तेवढा तंतू बारीक) ३.२ आणि ४.६, किंवा एक कोरडा आणि एक ओलसर. दहा-दहा चिमटी, डोळे मिटून, बारीक की जाड एवढंच सांगायचं, लगेच रिपोर्ट बघायचा. जमलं की ३.६ आणि ४.२ असं अंतर आवळा. नुसती रुई चाचपून काही होत नाही, प्रत्येक चिमटीला उत्तर कळलंच पाहिजे.

वयाचं स्पष्ट सांगतो. लहान मुलांत अशी नस जवळपास पूर्ण सावरते, ५४ व्या वर्षी २-३ मिमीची पारख परत येईल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण जागा बरोबर कळणं, पोत कळणं, न बघता शर्टाचं बटण लावणं या गोष्टी दोन वर्षांपर्यंत, कधी त्यानंतरही सुधारत राहतात. साखर असेल तर ती आटोक्यात ठेवा, तिच्यामुळे नस सुस्तावते.

स्वीडनमध्ये लुंडबोर्ग यांच्या गटाने कोपराखालच्या भागाला बधिर करणारं मलम लावून, तेवढ्या वेळात मेंदूतली शेजारची जागा हाताला वापरू देऊन, हाताचा स्पर्श सुधारल्याचं दाखवलं आहे. मलम मेडिकलमधून आणून स्वतः लावू नका, सर्जन किंवा व्यवसायोपचार तज्ज्ञाशी बोलून, सरावाच्या सत्राला जोडूनच ते करतात.

चुलीचा तवा, चहाचा ग्लास, उन्हाळ्यात बाहेर उभ्या मोटारसायकलचा सायलेन्सर: उजव्या बोटांना चटका उशिरा कळेल, फोड आधी येईल. डाव्याने तपासल्याशिवाय हात घालू नये. थंडीत बोटं दुखतात, लोकरी हातमोजा घालावा. रोज रात्री बोटं डोळ्याने तपासून तेल लावावं, कोरडी कातडी फाटते आणि कळत नाही.

मनगटापासून पुढे नसेवरून हलकी टिचकी मारत गेल्यावर मुंग्या बोटाकडे उठतात ती जागा दर महिन्याला पुढे सरकत आली असेल. ती टोकाला पोचली आहे की अजून तळहातात अडकली आहे, हे पुढच्या भेटीत सर्जनकडून बघून घ्या. अंगठ्याच्या मुळाचा फुगीर स्नायू अजून सपाट असेल तर तेही दाखवा. जागांची वही सोबत न्या, निदान शेवटच्या चार आठवड्यांची.